तुरुंगातील रमजान

पहाटेचे चार वाजलेले असतात. पुसद, उमरखेड, दिग्रस, आर्णी, यवतमाळ जिल्ह्यातील कोणतेही गाव घ्या. रमजानच्या महिन्यात मोहल्ल्यामोहल्ल्यात या वेळी जाग असते. कोणी दारावर थाप मारून शेजाऱ्याला उठवतो. आई सगळ्यांच्या आधी उठून स्वयंपाकाला लागलेली असते. लहान भावंडे डोळे चोळत ताटावर येऊन बसतात. रोजा धरण्याचे त्यांचे वय झालेले नसते, पण सहरीला उठण्याची हौस मात्र मोठ्यांपेक्षा जास्त! पोटभर खाणे होते, पाणी पिऊन होते, फज्रची अजान होते आणि मग दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा नाही. संध्याकाळी सगळे पुन्हा दस्तरखानाभोवती जमतात. खजूर, सरबत, भजी, कापलेली फळे समोर असतात. मगरिबची अजान होईपर्यंत कोणी हात लावत नाही. शेवटची पाच मिनिटे फार लांबतात, हे रोजा धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपला जिल्हा उन्हासाठी प्रसिद्ध आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दरवर्षी तितके दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून येतो. २०१८ आणि २०१९ या साली तो मे महिन्यात आला होता. मे महिन्यातले आपल्याकडचे ऊन म्हणजे काय, हे सांगायला नको. त्या उन्हात विटा वाहणारे, हमाली करणारे, शेतात नांगर धरणारे लोकही रोजे धरत होते. त्यांची ताकद पाहून आपण थक्क होतो.

पण त्यांनाही पहाटे कोणीतरी वाढणारे होते आणि संध्याकाळी घरी वाट पाहणारे होते. आता असा विचार करा. रमजान आला आहे आणि माणूस तुरुंगात आहे. दिवसभर जात्यावर धान्य दळण्याची सक्ती आहे. पहाटे सहरीला काही नाही, संध्याकाळी इफ्तारला काही नाही. घरच्यांचे तोंड दिसत नाही. असा रमजान ज्यांनी काढला, एकदा नव्हे तर अनेक वेळा काढला, त्या कवीचे नाव तुमच्या उर्दूच्या पुस्तकात तुम्ही वाचले असेल. ते म्हणजे मौलाना हसरत मोहानी.

त्यांचे खरे नाव सय्यद फजलुल हसन. ‘हसरत’ हे त्यांचे कवितेतले टोपणनाव. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात मोहान नावाचे एक गाव आहे, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत त्यांचा जन्म झाला. गावाच्या नावावरून ते मोहानी झाले. सुरुवातीचे शिक्षण गावी आणि फतेहपूरला झाले. गणितात आणि भाषेत ते हुशार होते. पुढील शिक्षणासाठी ते अलीगढच्या कॉलेजात आले. सर सय्यद अहमद खान यांनी स्थापन केलेले हेच ते कॉलेज. तेव्हा तेथे साहेबी थाटाचे वारे होते. बड्या घरची मुले सुटाबुटात वावरत. अशा ठिकाणी हा लहान चणीचा, जुन्या वळणाचे कपडे घातलेला मुलगा हातात पानदान घेऊन उतरला. मुलांना आयतीच गंमत सापडली. त्यांनी त्याचे नाव ‘खाला अम्मा’ ठेवले. पण थोड्याच दिवसांत या खाला अम्माचे पाणी सर्वांना कळले. कविता तर ते उत्तम करतच, पण एकदा एखादी गोष्ट खरी वाटली की मग समोर प्राचार्य असो की इंग्रज अधिकारी, ते मागे हटत नसत.

१९०३ साली ते बी. ए. झाले. त्या काळी बी. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी सहज मिळे. तहसीलदाराची जागा, घोडा, बंगला, समाजात मान! हसरतांनी त्या वाटेकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याच वर्षी त्यांनी अलीगढमधून ‘उर्दू-ए-मुअल्ला’ नावाचे मासिक सुरू केले. त्यात जुन्या शायरांच्या निवडक कविता असत, नव्या पुस्तकांवर लेख असत आणि राजकारणही असे. जुने, विसरले गेलेले शायर त्यांनी शोधून शोधून छापले. उर्दू साहित्याचे अभ्यासक या कामासाठी आजही त्यांचे आभार मानतात.

राजकारणात त्यांनी आपला नेता मानला तो एका मराठी माणसाला. लोकमान्य टिळकांना. १९०४ साली मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. हसरत त्याला गेले होते. तीन वर्षांनी, १९०७ साली, सुरतेच्या अधिवेशनात मवाळ आणि जहाल यांच्यात फूट पडली, तेव्हा हसरत टिळकांच्या बाजूने उभे राहिले. आपल्या जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे हेही टिळकांचेच अनुयायी. वणीत जन्मलेला एक वकील आणि मोहानमध्ये जन्मलेला एक शायर, दोघांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, आणि दोघे एकाच माणसाकडे पाहून चालू लागले होते. अशी माणसे तेव्हा देशभर होती. टिळकांवर हसरतांनी कविताही लिहिल्या.

१९०८ साली ‘उर्दू-ए-मुअल्ला’मध्ये एक लेख छापून आला. इजिप्त देशात इंग्रजांचे राज्य चालत होते. तेथे शिक्षणाच्या बाबतीत इंग्रजांचे धोरण कसे आहे, यावर त्या लेखात टीका होती. लेखाखाली लेखकाचे नाव नव्हते. सरकारला वाटले, नाव इजिप्तचे आहे, पण बोट आपल्या हिंदुस्थानातील राज्याकडे आहे. राजद्रोहाचा खटला भरायचे ठरले. पोलिसांनी लेखकाचे नाव विचारले. तो लेख कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने लिहिला होता असे म्हणतात. नाव सांगितले असते तर हसरत कदाचित थोडक्यात सुटले असते. त्यांनी नाव सांगितले नाही. मासिक माझे आहे, तेव्हा त्यातल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी माझी आहे, अशी भूमिका त्यांनी घेतली. ते नाव त्यांनी शेवटपर्यंत सरकारला दिले नाही.

२३ जून १९०८ रोजी हसरतांना अटक झाली. दुसऱ्याच दिवशी, २४ जूनला, मुंबईत लोकमान्य टिळकांना अटक झाली. गुरू आणि शिष्य एका दिवसाच्या अंतराने गजाआड गेले. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात गेले. हसरतांना दोन वर्षांची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड झाला. अपिलात शिक्षा कमी होऊन एक वर्षावर आली. पण दंड होताच. पाचशे रुपये आणायचे कोठून? दंडाच्या वसुलीसाठी त्यांची पुस्तके लिलावात काढली गेली. वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊन जमवलेली दुर्मिळ पुस्तके आणि हस्तलिखिते कवडीमोलाने विकली गेली. पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या माणसाला ही शिक्षा सक्तमजुरीपेक्षा मोठी वाटली असेल.

अटक झाली तेव्हा त्यांची लहान मुलगी नईमा आजारी होती. घरात पत्नी निशातुन्निसा बेगम एकट्या होत्या. दुसरी कोणी असती तर तिने माफी मागून घरी या, असा निरोप पाठवला असता. निशातुन्निसा बेगमांनी तुरुंगात पत्र पाठवले ते वेगळेच. जे संकट आले आहे त्याला धीराने तोंड द्या, माझी आणि घराची काळजी करू नका, कोणत्याही प्रकारे कमजोरी दाखवू नका, असा त्या पत्राचा आशय होता. हसरतांनी हे पत्र आयुष्यभर मानाने सांगितले. मला तर वाटते, हसरतांच्या चरित्रातला अर्धा भाग या बाईंचा आहे. पुढेही प्रत्येक तुरुंगवासात त्या खंबीर राहिल्या. १९१७ साली स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून सरोजिनी नायडू यांच्यासह जे शिष्टमंडळ भारतमंत्री मॉण्टेग्यू यांना भेटले, त्यातही त्या होत्या.

शिक्षा झाल्यावर हसरतांना अलाहाबादच्या नैनी तुरुंगात ठेवण्यात आले. आज राजकीय कैदी म्हटले की आपल्याला वाटते, त्यांना वेगळी खोली असेल, पुस्तके असतील. १९०८ साली तसे काही नव्हते. चोर, दरोडेखोर आणि संपादक सगळे सारखेच. अंगावर कैद्याचे जाडेभरडे कपडे आणि हातात जात्याचा खुंटा. हसरतांना रोज एक मण धान्य दळावे लागे. एक मण म्हणजे चाळीस शेर, आजच्या मापाने सुमारे ३७ किलो. घरी जाते असेल तर आजीला विचारा, दोन-चार किलो दळताना खांदे कसे भरून येतात ते. या माणसाने आयुष्यात लेखणीपेक्षा जड काही उचलले नव्हते. तळहातांना फोड आले तरी जाते थांबत नसे.

आणि अशातच रमजान आला. त्या वर्षी तो सप्टेंबरच्या अखेरीस सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संपला.

रोज्याला काय लागते, हे तुम्हाला माहीत आहे. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य, मनात नियत, जिभेवर ताबा. सहरी करणे ही सुन्नत आहे. तिच्यात बरकत आहे, पण सहरी झाली नाही म्हणून रोजा मोडत नाही. इफ्तारला खजूर नसेल तर पाण्याच्या एका घोटानेही रोजा सोडता येतो. आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे. त्यांनी रोजे नंतर भरून काढावेत, असे कुराणात सांगितले आहे. धर्माने माणसावर त्याच्या ताकदीबाहेरचे ओझे टाकलेले नाही. मग तुरुंगात एक मण धान्य दळणाऱ्या कैद्याने काय करावे? हसरतांनी स्वतःसाठी याचे उत्तर ठरवले होते. त्यांनी रोजे धरले.

तुरुंगात जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या रोजेदाराला विचारून ठरवलेल्या नव्हत्या. पहाटे उठवायला कोणी नव्हते आणि उठून खायला काही नव्हते. संध्याकाळी मगरिबच्या वेळी समोर खजूर नव्हता, सरबत नव्हते, शेजारी नईमा नव्हती. तरीही महिना पुरा झाला. या रमजानवर हसरतांनी एक शेर लिहिला आहे. कैदेत रमजानचा महिनाही निघून गेला, सहरीची सोय नव्हती की इफ्तारची, एवढेच त्यात सांगितले आहे. तक्रार नाही, शिव्याशाप नाहीत, आपण फार मोठे काही केले असा आवही नाही. तुमच्या उर्दूच्या शिक्षकांना विचारलेत तर ते तुम्हाला तो शेर तोंडपाठ म्हणून दाखवतील. जात्यावरच्या मेहनतीविषयी आणि त्याच वेळी चाललेल्या कवितेच्या सरावाविषयीही त्यांचा एक शेर आहे, तो तर याहून प्रसिद्ध आहे. कागद-पेन्सिल जवळ नसली तरी जात्याच्या घरघरीत ओळी जुळत होत्या.

त्या वर्षीची ईदही त्यांनी तुरुंगातच काढली. रमजान ईद म्हणजे काय, हे घरात राहणाऱ्याला कळते त्यापेक्षा घरापासून तुटलेल्याला जास्त कळते. ईदच्या नमाजाच्या आधी फितरा द्यायचा असतो, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी. नमाजानंतर गळाभेट असते. शिरखुर्म्याची वाटी शेजारच्या हिंदू घरीही जाते. नवे कपडे, लहान मुलांच्या हातात ईदी, यांपैकी कोणतीही गोष्ट त्या भिंतींच्या आत येण्यासारखी नव्हती.

या तुरुंगवासाची हकिकत हसरतांनी पुढे ‘मुशाहिदात-ए-जिंदां’ या नावाने लिहिली. उर्दूत तुरुंगाच्या आठवणी सांगणारी जी पुस्तके आहेत, त्यांत या पुस्तकाचे स्थान वरचे आहे. कैद्यांना कसे वागवतात, अन्न कसे असते, हे सगळे त्यांनी साध्या भाषेत लिहून ठेवले.

१९०९ साली ते सुटले. पुस्तके गेली होती, पैसा नव्हता. त्यांनी मासिक पुन्हा सुरू केले. पुढे सरकारने मोठा जामीन मागितला, तेव्हा ते बंद पडले. मग त्यांनी अलीगढमध्ये स्वदेशी कापडाचे दुकान काढले. शायर आणि कापडाचे दुकान! लोकांना गंमत वाटली. पण हसरतांना स्वदेशी ही केवळ भाषणाची गोष्ट वाटत नव्हती. त्यांच्याविषयी एक आठवण सांगतात. हिवाळ्यात ते एकदा लखनौला मुक्कामाला होते. रात्री थंडी कडाक्याची होती. यजमानांनी पांघरायला एक कांबळे दिले. हसरतांनी ते हातात घेऊन पाहिले, तर ते परदेशी होते. ते त्यांनी बाजूला ठेवले आणि सारी रात्र कुडकुडत काढली. कोणी याला हट्ट म्हणेल. हट्ट तो होताच. पण जो माणूस रमजानमध्ये समोर पाणी असून पीत नाही, त्याला अंगावर कांबळे न घेणे फारसे जड गेले नसावे.

पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ साली, त्यांना पुन्हा अटक झाली. १९१८ पर्यंत ते उत्तर प्रदेशातील निरनिराळ्या तुरुंगांत होते. या काळात रमजान आला तो जून-जुलैत. उत्तर हिंदुस्थानात हे दिवस सर्वांत मोठे असतात. रोजा पंधरा तासांच्या पुढे जातो. १९१६ आणि १९१७ हे दोन्ही रमजान त्यांचे कैदेतच गेले.

सुटून आल्यावर ते खिलाफतीच्या चळवळीत पडले. तेव्हा देशात हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे होते. १९२० साली डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे मोठे अधिवेशन झाले. आपल्या वऱ्हाडातूनही माणसे त्याला गेली होती. असहकाराचा ठराव तेथे पक्का झाला. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक वारले होते. हसरतांनी त्यांच्या मृत्यूवर शोकगीत लिहिले.

१९२१ च्या डिसेंबरात अहमदाबादला जे झाले, ते हसरतांच्या राजकीय आयुष्यातले सर्वांत मोठे प्रकरण आहे. काँग्रेसचे ध्येय तेव्हा ‘स्वराज्य’ एवढेच होते. स्वराज्य म्हणजे नेमके काय, ते मोघम ठेवले होते. हसरतांनी ठराव मांडला की, स्वराज्य म्हणजे संपूर्ण स्वातंत्र्य, परकी सत्तेचा काडीचाही संबंध नको. गांधीजींनी या ठरावाला विरोध केला. देशाची अजून तेवढी तयारी झालेली नाही, असे त्यांना वाटत होते. ठराव फेटाळला गेला. सभेत गांधीजींच्या विरुद्ध उभे राहणे तेव्हा सोपे नव्हते. सारा देश त्यांच्या शब्दावर चालत होता. पण हसरत उभे राहिले, हरले आणि तरीही आपले म्हणणे त्यांनी सोडले नाही. आठ वर्षांनी, १९२९ च्या डिसेंबरात, लाहोरला काँग्रेसने संपूर्ण स्वातंत्र्याचाच ठराव मंजूर केला.

‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणाही हसरतांनीच दिली. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात ती दिली, तेव्हा ती साऱ्या देशाची झाली. आज आपल्या गावातल्या कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या मोर्चातही ती ऐकू येते. ती एका उर्दू शायराची देणगी आहे, हे घोषणा देणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असते.

अहमदाबादच्या भाषणांसाठी १९२२ साली त्यांच्यावर खटला झाला आणि ते तिसऱ्यांदा तुरुंगात गेले. या वेळी त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. गांधीजीही तेव्हा येरवड्यालाच होते. अहमदाबादच्या मंडपात समोरासमोर उभे राहिलेले दोघे आता एकाच भिंतीच्या आत होते. १९२३ चा रमजान एप्रिल-मे महिन्यांत आला. तो त्यांनी महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात काढला.

येरवड्यात असतानाच, १९२३ साली, हसरतांनी श्रीकृष्णावर काही कविता केल्या. त्यांतल्या काही उर्दूत आहेत, काही अवधी बोलीत. पाच वेळा नमाज पढणारा, रमजानचा एकही रोजा न सोडणारा हा मौलाना मथुरेवर आणि बासरीवर कविता लिहितो, हे पाहून काही जणांच्या भुवया वर गेल्या. हसरतांना त्यात काही अडचण वाटत नव्हती. प्रेमाची शिकवण देणाऱ्या प्रत्येक थोर पुरुषाविषयी त्यांच्या मनात आदर होता. कृष्णजन्माष्टमीच्या दिवसांत ते मथुरेलाही जात असत. स्वतःच्या नमाज-रोज्यात मात्र त्यांनी तसूभरही ढिलाई केली नाही. या दोन्ही गोष्टी त्यांच्यात सुखाने नांदत होत्या. पुण्याच्या तुरुंगात एक रोजेदार कैदी जन्माष्टमीच्या देवावर गाणे रचतो आहे, हे दृश्य मला फार आवडते.

१९२४ साली ते सुटले. पुढे त्यांच्या राजकारणाने अनेक वळणे घेतली. १९२५ च्या डिसेंबरात कानपूरला कम्युनिस्टांची परिषद भरली, तिच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. गरिबाला त्याच्या कष्टाचे मोल मिळाले पाहिजे ही गोष्ट इस्लामच्या शिकवणीशी जुळते, असे ते सांगत. नंतर ते मुस्लिम लीगमध्ये गेले. तेथेही पुढाऱ्यांशी त्यांचे खटके उडत. खरे सांगायचे तर कोणत्याही पक्षाला हा माणूस सोयीचा नव्हता. त्यांचे सगळेच निर्णय पटण्यासारखे होते असेही नाही. १९३७ साली निशातुन्निसा बेगम वारल्या. ज्यांच्या आधारावर तीन तुरुंगवास निघाले, तो आधार गेला.

त्यांनी अनेक वेळा हज केला. हजची सांगता ईद-उल-अजहाच्या दिवसांत होते, हे तुम्ही जाणता. या ईदला आपण बकरी ईद म्हणतो. हजरत इब्राहीम यांच्या त्यागाची ही आठवण आहे. हजला जाताना त्यांच्याजवळ सामान असे ते एका लहान गाठोड्याएवढे. ते रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने प्रवास करत. आपले कपडे स्वतः धूत.

१९४६ साली ते संविधान सभेवर निवडून आले. १९४७ ला देशाची फाळणी झाली. लीगचे कितीतरी पुढारी पाकिस्तानात निघून गेले. हसरत गेले नाहीत. त्यांचे घर कानपूरला होते आणि ते तेथेच राहिले. संविधान सभेच्या बैठकींसाठी दिल्लीला आले की त्यांचा मुक्काम मशिदीत असे. सभासदांना मिळणारा भत्ता ते घेत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर भोजनाला बसलेले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एकीकडे कोटातले बाबासाहेब, दुसरीकडे दाढीवाले, चष्मा लावलेले मौलाना. सभेत हसरतांनी अनेक कलमांवर हरकती घेतल्या आणि संविधान तयार झाल्यावर त्यावर सही केली नाही. संपूर्ण समाधान होईपर्यंत सही न करणारा हा तोच माणूस होता, ज्याने एका विद्यार्थ्याचे नाव पोलिसांना सांगितले नव्हते.

राजकारणातले हसरत हळूहळू लोक विसरले. शायर हसरत मात्र लोकांच्या ओठांवर राहिले. त्यांची एक गझल गुलाम अलींच्या आवाजात १९८२ सालच्या ‘निकाह’ या चित्रपटात आली आणि घरोघर पोचली. प्रेमाच्या त्या कोवळ्या आठवणी सांगणारा शायर आणि नैनीच्या तुरुंगात एक मण धान्य दळणारा कैदी एकच आहे, असे सांगितले तर ऐकणाऱ्याचा चटकन विश्वास बसत नाही.

१९५१ सालच्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. लखनौला फिरंगी महलमध्ये त्यांचे शेवटचे दिवस गेले. १३ मे १९५१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांना लखनौमध्येच दफन करण्यात आले. मागे संपत्ती अशी काही नव्हती. जुन्या मासिकांचे गठ्ठे होते आणि गझला होत्या. तो शाबान महिना होता. त्या वर्षीचा रमजान सुरू व्हायला साडेतीन आठवडे उरले होते.